आखाडातलं तांबडं-पांढरं

भेंडी हिरवीच असली पाहिजे, असा हुकूम कुणी काढला मला ठाऊक नाही. पण लग्न होऊन मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी आले तेव्हा तिथे तो चोख पाळला जात होता. भेंडी हिरवी, वांगं जांभळं, टोमॅटो तांबडा. वर्षभरात मी परसात तिन्ही उलटे करून दाखवले. भेंडी तांबडी, वांगं कोंबडीच्या अंड्यासारखं पांढरं, आणि टोमॅटो हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा. शिवाय कुंपणावर जांभळ्या शेंगांचा वाल. शेजारणी भिंतीवरून डोकावत आणि विचारत, हे खाऊन काही होत नाही ना? मी गंभीर चेहरा करून सांगत असे, अजून तरी कुणी गेलेलं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बियाणं माझ्या माहेरचं, जयसिंगपूरचं. तिथल्या बाजारात एक म्हातारे चाचा कागदाच्या पुड्यांतून बी विकत. पुडीवर नाव नसे, रंगीत पेन्सिलीची एक रेघ असे. तांबडी रेघ म्हणजे तांबडी भेंडी. पांढऱ्या वांग्याच्या पुडीवर काहीच नसे, कारण चाचांकडे पांढरी पेन्सिल नव्हती. इतरांना ते नेहमीचं बी देत. मी दिसले की पोत्याच्या तळाशी हात घालत.

ते बी रुजल्यापासून मला घरात बसवेना. भाकरी तव्यावर टाकायची आणि परसात पळायचं, कळीचं फूल झालं का बघायला. फूल झालं असलं तर दुपारी पुन्हा, फळ धरलं का बघायला. चार वाजता आणखी एकदा, उगीच. भाकऱ्या करपायच्या. आमचे हे करपलेला तुकडा खिडकीपाशी उजेडात धरून विचारायचे, ही काळी जात नवीन लावलीस का?

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामंजी शेतकऱ्याच्या घरातले, नोकरीपायी शहरात आलेले, आणि आता नोकरीतून मोकळे झालेले. त्यांना परसात म्हैस हवी होती. सगळी नोकरी त्यांनी खुर्चीत बसून त्या म्हशीची वाट बघितली होती. सकाळी उठावं, धार काढावी, फेसाळ दूध तिथेच उभ्यानं प्यावं, एवढंच मागणं. मुरगूडला त्यांची थोरली बहीण राहत असे. तिला सगळेच आक्का म्हणत. आपल्या गोठ्यातली एक गाभण म्हैस भावाला द्यायला आक्का तयार होत्या. पण जागा आधी डोळ्यांनी बघणार, मगच हो म्हणणार. आणि परसात ऊन यावं, पाणी साचू नये, अशी जागा एकच होती. तिथे माझे वाफे होते.

मामंजींनी मला हे जेवताना सांगितलं, अगदी शांतपणे.

"माळवं काय, बाजारात ढिगानं मिळतंय," ते म्हणाले. "दारात म्हस मिळत न्हाय."

माळवं म्हणजे भाजीपाला. बाग जाणार याचं दुःख बाजूलाच राहिलं, माझ्या पिवळ्या टोमॅटोला हा माणूस माळवं म्हणतो, यानंच मी पेटले. मी वाद घातला नाही. माझ्या डोक्यात डाव शिजायला लागला होता. निकाल आक्का देणार होत्या ना? मग आक्कांना याच वाफ्यांतलं असं जेवण घालायचं, की तिथे म्हैस बांधायची त्यांना लाज वाटली पाहिजे. आमंत्रणाचं कार्ड मीच लिहिते म्हणाले.

आता एक सांगायला हवं. आमच्या घरात वाफ्यांना नावं पडली होती. भेंडी आणि माठ असलेला तो तांबडा, वांगी आणि पांढरी कारली असलेला तो पांढरा. तांबड्याला पाणी घातलं का, पांढऱ्यात गोगलगायी शिरल्यात, असंच आमचं बोलणं चालायचं. त्या नादात मी लिहून गेले : "येत्या रविवारी आमच्याकडे तांबडं-पांढरं खायला यावे. सगळं घरचंच आहे." पत्ता लिहिला, कार्ड पेटीत टाकलं आणि तशीच पळत परसात आले.

कोल्हापूरच्या वाचकांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे तांबडं-पांढरं म्हणजे मटणाचे दोन रस्से, दुसरं काहीही नाही. त्यात तो रविवार आषाढातला, आमच्या भाषेत आखाडातला, शेवटचा. पुढे श्रावण लागला की महिनाभर मटण बंद. अशा रविवारी कुणी 'घरचं तांबडं-पांढरं' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला दारात पाळलेलं बकरंच दिसणार. मी काही परमुलखातून आले नव्हते, मला हे सगळं ठाऊक होतं. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात भेंडीपलीकडे काही मावत नव्हतं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. "येतो. मालकांच्या दाढा दुखतात. तेवढं कवळं बघून ठेवा." मालक म्हणजे आक्कांचे यजमान. मी ते कार्ड छातीशी धरून स्वयंपाकघरभर फिरले. कवळं म्हणजे कोवळं. बाई जाणकार आहे, भेंडी कोवळी लागते हे तिला न सांगता कळतं. रविवारपर्यंत मी एकही भेंडी जून होऊ दिली नाही. बोटाएवढी झाली की तोडायची आणि घरच्यांना घालायची. शुक्रवारी आमचे हे म्हणाले, आता मला ताटात भेंडी दिसली की मीच झाडावर जाऊन बसेन.

रविवारी उजाडताच टोपली भरली. काय रूप होतं. तांबडी भेंडी ओली, चकचकीत. पांढरी वांगी टोपलीत अशी बसलेली, की आता पिल्लंच बाहेर पडतील. स्टोव्ह पेटवला, कढई तापली, भेंडी टाकली, परतली, झाकण ठेवलं. झाकण काढलं तर आत हिरवी भेंडी.

मी कढई खाली उतरवून बघितली, पुन्हा वर ठेवून बघितली. घरच्या सगळ्या भेंड्या मी आजवर मसाल्यात घोळून रांधल्या होत्या, त्यामुळे शिजल्यावर रंग कुठे जातो हे कधी बघितलंच नव्हतं. तिकडे दुसऱ्या पातेल्यात पांढरी वांगी चहाच्या रंगाची झाली होती. एसटी कधी पोहोचेल याचा भरवसा नव्हता. मी परसात गेले, आत आले, परत गेले. शेवटी कोल्हापुरी उपाय केला : भेंडीवर चटणी, म्हणजे आमचं लाल तिखट, ओतली, नेहमीच्या तिप्पट, आणि वांग्यांवर दही. तांबडं तांबडं झालं, पांढरं पांढरं झालं. नाटकवाल्यांनी तोंडाला फासावा तसा रंग मी माझ्याच भाज्यांना फासला.

पाहुणे आले. आक्का उंबऱ्यातच थांबल्या आणि नाकानं हवा ओढली. वास का येईना, असं काहीतरी पुटपुटल्या. मालक मात्र खुशीत होते. पाटावर बसल्याबसल्या त्यांनी खिशातून दोन लिंबं काढली, आपल्या झाडाची, म्हणाले रश्शावर लिंबू असल्याशिवाय मजा न्हाय. मला वाटलं, बिचाऱ्यांना भेंडीला रस्सा म्हणायची सवय असेल.

मी वाढलं. भेंडी, वांगी, माठ, बाजूला पिवळ्या टोमॅटोची कोशिंबीर, मध्ये भाकरी. कुणी घासाला हात लावेना. मालक हातात भाकरीचा तुकडा धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मामंजी माझ्याकडे. आमचे हे ताटाकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागलेले.

"सूनबाई, वाटी दे की," आक्का म्हणाल्या.

मी वाटीतून ताक आणलं.

आक्कांनी ताक बघितलं. "आन् बकरं?"

"कसलं बकरं?"

"घरचं."

पुढचा खुलासा कुणी कसा केला मला आठवत नाही. एवढं आठवतं की आमचे हे ठसका लागल्याचं निमित्त करून उठले ते बराच वेळ परतले नाहीत. मालकांनी लिंबू कापलं, भेंडीवर पिळलं आणि खायला सुरुवात केली. दाढा दुखणाऱ्या माणसाला ती निदान चावता तरी येत होती. मामंजींचा चेहरा मात्र मला बघवेना. थोरल्या बहिणीला आखाडात घरी बोलावून भेंडी वाढली, ही त्यांच्या लेखी हसण्याची गोष्ट नव्हती.

"आक्का, म्हणून म्हणतोय," ते म्हणाले. "ह्ये सगळं उपटून टाकतो. तू म्हस दे."

आक्का हात धुऊन उठल्या. "आधी दाव मला," असं मला म्हणाल्या आणि डोक्यावर पदर घेऊन भुरभुर पावसात परसात निघाल्या.

मी पुढे धावले. हे दाखव, ते दाखव, मला थांबताच येईना. वालाच्या शेंगा, कारली, झाडावर उरलेलं एक वांगं. आक्का तांबड्या वाफ्यापाशी थांबल्या. एक भेंडी मोडली, वास घेतला, कच्चीच चावली.

"ही झाडावर तांबडी," त्या म्हणाल्या. "आन् शिजली की हिरवी?"

"हो."

"मग लावायची कशाला?"

पाऊस मानेवरून आत चालला होता. "सकाळी उठून बघायला," मी म्हणाले.

आक्कांनी ती भेंडी देठापर्यंत खाल्ली. दुसरी मोडली. मग घरात गेल्या आणि भावासमोर उभ्या राहिल्या.

"म्हस न्हाय देत."

मामंजी उठून उभे राहिले. जागा चांगली हाय की, म्हणाले.

"जागा झ्याक हाय. मानसं न्हाईत. ज्या घरात आखाडात पावण्याला भेंडी घालत्यात, त्या घरात माझी म्हस काय खाईल? हिला सकाळी उठून रंग बघायचा आसतोय. म्हस काळी आसती. हिचं तिच्याकडं लक्ष तरी जाईल व्हय?"

मालक हसले, आमचे हे दारातून हसले, मीही हसले. मग आक्कांनी ह्यांना पिशवी देऊन मटण आणायला पिटाळलं, माझा पदर खोचून दिला, आणि कांदा-खोबरं भाजण्यापासून सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. चार वाजता सगळे खरं तांबडं-पांढरं जेवलो. मामंजींनीही दोनदा रस्सा घेतला. नजर मात्र मागच्या दाराकडे होती.

पाहुणे गेले. माझी बाग राहिली होती. मी जिंकले होते, म्हणून परसात गेले. पण दोन मिनिटंही तिथे उभं राहवेना. घरात आले, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मामंजी पलीकडे ट्रंक उघडत होते, बंद करत होते. मग ते मागच्या दारात आले. त्यांच्या हातात दावं होतं, म्हैस बांधायचं, कोरं करकरीत. त्याचा पीळ अजून घट्ट होता. ते त्यांनी कधी आणून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं.

"घे," ते म्हणाले. "तुझ्या वालाला बांध."

मी तसंच ओल्यात जाऊन ते दावं कुंपणापासून पेरूच्या फांदीपर्यंत ताणून बांधलं. मामंजी दारातून बघत होते. वालाचा वेल नाजूक आणि दोर मनगटाएवढा. मी वेल उचलून त्यावर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला. त्याला त्या दोराभोवती विळखाच घालता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, मी दर तासाला जाऊन तो वर ठेवत राहिले. सुतळीनं बांधून टाक की, असं आमचे हे म्हणायचे. मामंजी नुसते येऊन बघून जात, वेलानं दावं धरलं का म्हणून.