गीरिद सुईण आणि बिअरचा बाप्तिस्मा

नॉर्वेच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात चाळिशीच्या आतलं जे कोणी चालतंबोलतं होतं, त्यातल्या बहुतेकांना पहिला स्पर्श झाला होता तो गीरिद सुईणीच्या हातांचा. रविवारी चर्चमध्ये माणसं दाटीने उभी राहिली, की ती मागच्या खांबाला टेकून सगळ्यांकडे बघायची. हा पायाळू, ही नाळ गळ्यात गुंडाळून आलेली, हा तर रडायलाच तयार नव्हता, दोन रट्टे दिले तेव्हा कुठे कोकलला! आवाज असा खणखणीत, की ती दारात उभी राहून "चल गं, आलेच मी" म्हणाली, की बाळंतीण अर्धी वेदना विसरायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत मात्र तो आवाज कामी आला नाही.

खोऱ्यातल्या सगळ्यात वरच्या घरी आस्गेर्ड अडली होती. दोन दिवस वादळ. छपराच्या धुराड्यातून बर्फ आत कोसळला आणि चूल विझली. पाण्याचं पिंप तळापर्यंत गोठलेलं. अशा वेळी मुलगी आली, निळी पडलेली. पाद्री जवळ नसेल आणि पोर जगणार नसेल, तर बाप्तिस्मा सुईणीने द्यायचा, हा नियम गीरिदला पाठ होता. बर्फ वितळेपर्यंत ते पोर थांबणार नव्हतं. बाळंतिणीच्या उशाशी वाडगाभर बिअर होती, घरचीच, तिला ताकद यावी म्हणून ठेवलेली. गीरिदने तीच ओंजळीत घेतली.

"गुनहिल्ड, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..."

तीनदा ओतली. तिसऱ्या वेळी पोराने तोंड वाकडं केलं, आणि संपलं.

जमीन दगडासारखी होती. आस्गेर्डचा नवरा तोर्गिल्स याने फळ्यांची पेटी केली, कोठारात ठेवली. एप्रिलमध्ये माती सैल झाली तेव्हा ती काखेत घेऊन तो चर्चच्या फाटकाशी आला. मागे आस्गेर्ड, तिला धरून गीरिद.

जुने पाद्री वारले होते. नवे, सिरा बोतॉल्फ (पाद्रीला तिथे सिरा म्हणत), किनाऱ्यावरून येऊन वर्षही झालं नव्हतं. पोरसवदा, नाक सतत लाल. त्यांनी रीतीप्रमाणे शपथेसाठी पवित्र पुस्तक पुढे केलं आणि सुईणीला त्यावर हात ठेवायला लावला.

"शब्द काय म्हणालीस?"

तिने म्हणून दाखवले, एकही न चुकता.

"पाणी कुठलं?"

"पाणी कुठलं असायला, सिरा? सगळं गोठलेलं. बिअर होती. नाताळची, चांगली दाट," गीरिद अभिमानानेच म्हणाली. "जुने सिरा सांगायचे, अडल्या वेळी चालते. पाणीच ते, धान्य घातलेलं."

सिरा बोतॉल्फनी पुस्तक मिटलं.

"नाही चालत. बिशपांचं पत्र आलंय. पाणीच हवं. हे पोर ख्रिस्ती झालंच नाही."

"अहो, पण मला काय ठाऊक..."

"तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला शिक्षा नाही. पण पोर आत, या पवित्र जमिनीत, येणार नाही. सभेत राजाच्या कारभाऱ्याने कायदा वाचून दाखवलाय. आत पुरलं तर मी उकरून काढायचं, मी नाही काढलं तर तो काढणार."

"कुठे ठेवू मग?" तोर्गिल्सने विचारलं. पेटी त्याने अजून खाली ठेवली नव्हती.

पाद्रीबाबांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे फाशी गेलेला एक चोर आणि नदीत जीव दिलेली एक बाई पुरलेली होती.

आस्गेर्ड मटकन खाली बसली. "तिथे? एकटी? दोन महिने कोठारात एकटी होती ती! मावशी, तू म्हणाली होतीस, ती देवाच्या घरी गेली. म्हणाली होतीस ना?"

गीरिदने तिचे खांदे धरले. मघाशी ती फक्त "वितळवलेला बर्फ" म्हणाली असती, तर पोर आत गेलं असतं.

"अजून एक," सिरा बोतॉल्फ हलक्या आवाजात म्हणाले. "हात ठेव पुन्हा. असा बाप्तिस्मा अजून कुणाला दिलास? जिवंतांना मी आजच पाणी देऊन वाचवू शकतो."

गीरिदने दोघांची नावं सांगितली. एक नदीकाठचा नावाडी, दुसरा हा तोर्गिल्सच. पेटी धरलेला तोर्गिल्स खुळ्यासारखा बघत राहिला. "मी? म्हणजे मी इतकी वर्षं..."

"गप रे. पाणी डोक्यावर पडलं की झालास तू माणूस," गीरिद म्हणाली.

"आणि मेलेल्यांत?" सिरांनी विचारलं.

होतं एक. एकतीस वर्षांमागचं, तिचं स्वतःचंच. एइलिव्ह. दोन दिवसांचा. चर्चच्या दक्षिण भिंतीपासून तीन पावलांवर. "कुणी नाही" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पुस्तकाखाली नरक उघडला असता, तरी ती ते म्हणाली असती. पण पायाशी आस्गेर्ड माती उकरत "एकटी, एकटी" करत होती.

"माझा मुलगा," गीरिद म्हणाली. "काढा त्याला. दोघांना एकत्र निजवू. हिची पोर एकटी नको."

सिरा बोतॉल्फ कळवळून म्हणाले, "बाई, तू बोलली नसतीस तर..."

"बोलले ना पण. फावडं द्या."

तिने कुणाला हात लावू दिला नाही. कमरेइतकं खणलं. हाड नाही, फळी नाही, कापडाचा धागा नाही. काळी ओली माती, बस्स. ती बराच वेळ खड्ड्यात बसून राहिली. मग खांद्यावरची शाल पसरून तिने ओंजळी भरभरून माती त्यात घातली, गाठ मारली आणि ते ओझं छातीशी धरून फाटकाकडे निघाली.

"थांब," सिरा बोतॉल्फ आडवे आले. "ही पवित्र केलेली माती आहे. बाहेर नेता येत नाही."

गीरिदने शाल त्यांच्यापुढे धरली.

"मग बसा निवडत. यात माझं पोर कुठलं आणि तुमची माती कुठली, वेगळं करा. तुमची ठेवून घ्या, माझं मला द्या."

त्यांनी शालीकडे पाहिलं, मग आस्गेर्डकडे. आणि बाजूला झाले.

कुंपणाबाहेर तोर्गिल्सने खड्डा केला. गीरिदने अर्धी माती तळाशी पसरली, वर पेटी ठेवली, उरलेली पेटीवर ओतली. घंटा वाजली नाही. सिरा बोतॉल्फ फाटकाच्या आतच उभे होते. प्रार्थना म्हणायची मुभा त्यांना नव्हती, आत जाऊन दार लावून घेणंही त्यांना जमत नव्हतं. आस्गेर्डला उठवायला तिघे लागले; तिसरे, फाटकाबाहेर आलेले सिरा बोतॉल्फ.