घोडा कोरडा, मग घसा ओला

तबेल्यात लीद आणि किस्से सारखेच साचतात. रोज उपसा, सकाळी पुन्हा ढीग. कल्याणच्या टांग्यांच्या तबेल्यात आम्ही मिठागरातली चार पोरं घोड्यांचं काम शिकलो. तबेल्याचे मालक शेठजी; त्यांचे नोकर रेल्वेच्या पगाराला भुलून पळाले होते, म्हणून आम्हाला घेतलं, तेही बजावून, "एक चूक, की चौघंही परत मिठात." मीठ वाईट नाही हो. पण यांना दुसरं काही जमणारच नाही असं कुणी ठरवलं, की माझं डोकं फिरतं.

* * *

शिकवायला गफूरचाचा, पलटणीत घोडे सांभाळलेले जुने सईस. पहिल्या दिवशी वाटलं, घोड्यावर बसवतील. त्यांनी टोपल्या दिल्या. महिनाभर लीद काढली, तेव्हा कुठे मांड टाकायला मिळाली. फेरी मारून मी पाण्याच्या रांजणाकडे धावलो, तर चाचांची काठी आडवी.

"जो बसला, त्यानंच खरारा करून घाम काढायचा. घोडा कोरडा, मग घसा ओला."

* * *

मागचा पाय उचलून खूर साफ करायची मला भीती. एकदा डोळे गच्च मिटून पाय धरला. चाचा म्हणाले, "तुला दिसत नाही म्हणून त्याला लाथ मारता येत नाही का रे?"

तेव्हापासून डोळे उघडे. पुढे मिठागराचा मुकादम अंगावर ओरडला, तेव्हाही मी मान खाली घातली नाही. त्याला ते आवडलं नाही. मला फार आवडलं.

* * *

टांग्याचा घोडा स्टेशनात बुजू नये म्हणून त्याला रोज लाइनीजवळ उभं करायचं. पहिल्याच दिवशी इंजिनानं शिट्टी दिली आणि एक जण थेट बाजारापर्यंत पळत सुटला.

घोडा जागेवरच होता. पळालो मी.

"उद्यापासून दोघांनाही धरून आण," चाचांनी चौघांतल्या चिमीला सांगितलं.

* * *

चिमी आमच्यातली एकटी मुलगी आणि सगळ्यांत तयार. विहिरीवर बायका तिच्या आईला म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं घोड्यावर बसायचं?"

आई घागर भरत म्हणाली, "मिठाची टोपली उचलते तवा कोन नाय इचारत पोरीची जात."

* * *

शेठजींच्या मुलाला लीद-बीद मान्य नव्हती. चाचा जेवायला गेलेले बघून तो सरळ घोड्यावर बसला आणि शहाडच्या वाटेवर पडला. तो लंगडत घरी, घोडा नदीकडे. चिमीनं धावत जाऊन घोडा धरला आणि त्यावर बसूनच भर बाजारातून आली. शेठजींच्या घरासमोर आमच्यासारख्यांनी उतरून चालायची रीत होती. ती उतरली नाही. थेट ओट्याशी येऊन थांबली.

"माझ्या दारात घोड्यावर?" शेठजी कडाडले. "उद्यापासून तुमच्यातलं एकही पोर तबेल्यात नको!"

एवढं शिकून पुन्हा मिठात.

चिमी उतरली. घोडा घामानं निथळत होता. मुलगा ओट्यावर बसून तांब्या तोंडाला लावत होता. तिनं तांब्या काढून घेतला आणि कमरेला खोचलेला खरारा त्याच्या हातात दिला.

"बसलो दोघं. ती बाजू तुजी, ही माजी." आणि गवताचा बोळा करून ती आपली बाजू घासू लागली.

मुलगा बापाकडे बघत उठला, घोड्याजवळ गेला आणि खरारा फिरवू लागला. शेठजींनी घोड्याकडे पाहिलं, मग मुलाच्या हाताकडे.

"अरे, केसांच्या उलट काय घासतोस?" ते म्हणाले. "तिला विचार."