फाईलमधलं पहिलं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आज तुम्हाला का सांगतोय – कुणास ठाऊक.

ऐंशीच्या दशकात खोपोलीच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर शिकून आलेला पहिला माणूस. साहेबसुद्धा माझ्याशी जपून वागत, आणि ते मला भारी आवडायचं. हाताखाली निर्मला – लोधिवलीच्या बौद्धवाड्यातली, घरातली पहिली नोकरदार. कामगारांची माहिती ती एकेक ओळ करून फाईलमध्ये भरायची – नाव, खातं, पाळी. माझा प्रोग्रॅम ती फाईल नीट वाचतो का, हे बघायला पहिली ओळ तिनं स्वतःच्याच नावाची टाकली होती. दिवाळीला ती नोकरीत कायम होणार होती.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. सगळे खाली आरतीला. निर्मला तेवढी वर काम करत राहिली, मग कॉम्प्युटर बंद करून घरी गेली. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी लावला, ती गेल्यावर. नव्या भरतीची नावं गुपचूप चढवून साहेबांना थक्क करायचं होतं ना! फाईल उघडताना प्रोग्रॅममध्ये सांगावं लागतं – जुन्याखाली भर घालायची, की नव्यानं लिहायचं. मी नव्यानं लिहायला सांगितलं. तिची कित्येक महिन्यांची मेहनत क्षणात पुसली गेली. दुसरी प्रत ठेवणं माझं काम होतं. ठेवली नव्हती.

दसऱ्यानंतर माहिती गेलेली दिसली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "पूजेच्या वेळी वर कोण होतं?" सगळे तिच्याकडे बघायला लागले. पूजेला न आलेली – लोकांना तेवढं पुरलं. पुरणार, हे मला ठाऊक नव्हतं का?

"सर, मी बंद केला तवा सगळं जागेवर व्हतं. तुमी तरी सांगा."

"मी तर खाली आरतीला होतो," मी म्हणालो.

भित्रेपणा म्हणू याला? नको – त्या शब्दात मी फार स्वस्तात सुटतो. मी पक्का हिशेबी होतो.

तिला कामावरून काढण्याआधी सगळी माहिती तिच्याकडूनच पुन्हा भरून घेतली. तिनं मान खाली घालून भरली. पहिली ओळ पुन्हा तिचीच.

ती गेल्यावर रोज फाईल उघडली की आधी तिचं नाव समोर यायचं. शेवटी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला – जुनी फाईल वाचायची, पहिली ओळ सोडायची, बाकी सगळ्या नव्या फाईलमध्ये उतरवायच्या. आधी दुसरी प्रत काढून ठेवली. दोनदा तपासलं.

त्या वेळी काहीच चुकलं नाही.