मागे चालणारे देवाजीभाऊ

देवाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी फिरायला निघायचं म्हणून बुटांच्या नाड्या बांधत होतो. दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं, असं त्यांचा मुलगा सांगत होता. खोटं कशाला बोलू, दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता नदीच्या वाटेवर माझ्या मागे कोण चालणार?

आमच्या गावची ही वाट वैनगंगेच्या काठाने घाटापासून पंपहाउसपर्यंत जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला झुडपं, आणि त्यापलीकडे लगेच जंगल. वाघ मागून येतो, म्हणून मागे कोणी चालायचं यावर इथे चांगल्या मित्रांचीही जुंपते. आमची कधी जुंपली नाही. भाऊ एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. "कंडक्टर मागंच राह्यते, गुरुजी. तुमी व्हा पुढं," म्हणायचे आणि काठी आपटत बोलू लागायचे. मागच्याने सतत बोलायचं, म्हणजे तो आहे हे पुढच्याला कळतं, अशी इथली रीत. डेपोतले साहेब, धानावरची कीड, सुनेच्या हातचं वरण... भाऊंना विषय कधी कमी पडले नाहीत. जन्मभर शाळेत बोललेला मी तिथे मुकाट ऐकत चालायचो.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वरणावरून बोलताबोलता ते मध्येच थांबले. मी वळून पाहिलं. आमच्या दोघांच्या मधोमध, वाटेवर, वाघ उभा होता. भाऊ त्याच्यासमोर ताठ, काठी हातात, हलले नाहीत की ओरडले नाहीत. वाघ दिसला तर पळायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलेलं... आणि मी पळालो. पंपहाउसात शिरलो आणि आतून कडी लावली. भाऊ बाहेर आहेत हे मला ठाऊक होतं, तरी लावली.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. "उघडा गुरुजी, गेला तो." बस, एवढंच. चहाच्या टपरीवर त्यांनी कधी हा विषय काढला नाही, मला टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या मागे चालू लागले. त्यांच्या त्या मोठेपणाचीही मला भीती वाटायची. कधीतरी बोलतील, आज बोलतील, असं वाटत चार वर्षं गेली.

भाऊंच्या घरी पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना, सगळं सांगून टाकलं. कडीचंही.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं."

"रागावले होते?"

"कायचा राग? म्हणे, गुरुजीले वाटते मी हिंमतीनं उभा राह्यलो. मले बी पळाचंच होतं, पन पायच उचलले नाई. त्यायले सांगू नोको म्हणे. शूर समजून राह्यले मले, समजू दे."

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट घातले आणि घाटापर्यंत गेलो. ऊन होतं, बायका कपडे धूत होत्या, पुढची वाट मोकळी होती. मी तिथेच उभा राहिलो. रोज जातो, आणि रोज तिथेच उभा राहतो.

भाऊ, माझेही पाय उचलत नाहीत. भीती वाटते हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि तुम्ही मला.