बुवा आणि निविदा

नवी मुंबईत झोपेच्या गोळ्या खपतात, याचं कारण एकच: आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा आवाज सगळ्या घरांत पोचत नाही. बेलापूरच्या सरकारी कचेरीत उभा जन्म काढलेले हे गृहस्थ रोज संध्याकाळी पेपरातल्या निविदा मोठ्याने वाचत. 'सीलबंद निविदा मागविण्यात येत आहेत' इथपर्यंत येईतो त्यांचा म्हातारा कुत्रा बुवा घोरू लागे, पाठोपाठ चहाला आलेला मीही. काका सगळ्यांनाच अहो-जाहो करतात, बुवालासुद्धा. लिफ्टमध्ये प्राण्यांना मनाईची पाटी लागली, तेव्हा सोसायटीशी न भांडता त्यांनी बुवाचीच समजूत घातली. "नियम आहे, बुवा," म्हणाले, आणि ते धूड उचलून धापा टाकत जिने चढले.

बुवा मागच्या पायाने लंगडायला लागला, तेव्हा काकांबरोबर मीही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक्स-रे काढू. हलला तर फोटो खराब येतो, म्हणून थोडं गुंगीचं इंजेक्शन देते." काकांचा चेहराच उतरला. त्यांची बायको, आमच्या काकू, ऑपरेशनच्या वेळी अशाच गुंगीत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

"इंजेक्शन नको मॅडम. मी वाचतो ना, ते झोपतात."

बाई भल्या होत्या. त्यांनी काकांना शिशाचा जड एप्रन चढवला, आणि काकांनी कुठल्याशा गटारदुरुस्तीची निविदा सुरू केली. बुवा अगदी निपचित पडला. फक्त मालकाच्या आवाजाने शेपूट हलत राहिलं, आणि नेमका कमरेचाच फोटो पुसट आला.

शेवटी इंजेक्शन दिलं. आम्हाला बाहेर बसवलं. समोर पाटी होती, 'शांतता राखा'. तिच्याखालीच काकांनी पेपर उघडला आणि बंद दाराकडे तोंड करून खणखणीत वाचायला सुरुवात केली. शेजारी मांजर घेऊन बसलेली बाई वैतागली. "अंकल, बोर्ड बघा ना जरा!"

मलाही लाज वाटली. मी त्यांचा हात धरला.

"त्या दिवशीपण हाच बोर्ड होता हो," ते म्हणाले. "मी गप्प बसलो. तिला माझा आवाज तरी आला असता."

मी हात सोडला. त्यांनी पुढची निविदा काढली.

बऱ्याच वेळाने बुवाने डोळे उघडले. "आलात परत?" काका म्हणाले, आणि मला रडू आवरेना. एक्स-रेत मात्र हाडाचा कॅन्सर निघाला. दिवाळीआधीच बुवा गेला.

काका अजूनही वाचतात, मी अजूनही चहाला जातो. खरं सांगायचं तर हल्ली मला झोप लागत नाही, मी नुसते डोळे मिटून पडतो. थोड्या वेळाने उघडले, की काका पेपर खाली ठेवतात आणि विचारतात, "आलात परत?"