अकोल्याच्या टेबलावरचं अर्धं ताट

१६ नोव्हेंबर, अमरावती

वर्षभर या ब्लॉगवर एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. काहींनी विचारपूस केली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. गेल्या दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ विलास गेला. अंजनगाव सुर्जीच्या घरी जेवता जेवता उठला, बायकोला म्हणाला, "ताट झाकून ठेव, आलोच," आणि अंगणात कोसळला. त्यानंतर प्रवासावर लिहावंसं वाटेना. आजचा प्रवासही फिरण्यासाठी केलेला नाही.

विलासचं फुलांचं दुकान बंद झालं. त्याची मुलगी मुक्ता बारावीसाठी माझ्याकडे राहते, भावजय सुनंदा अंजनगावात एकटी. अकोल्यातल्या एका नव्या हॉटेलला टेबलावर वाढायला बायका हव्या होत्या. बाहेरचे पाहुणे उतरतात, म्हणून इंग्रजी येणाऱ्या. सोबत राहायला खोली. ती मिळाली की मुक्ता आईकडे जाणार, असं ठरलं होतं. मी पावसाळाभर फोनवरून सुनंदाची तयारी करून घेतली आणि काल तिला न्यायला निघाले.

अमरावतीहून अंजनगावला दर्यापूरमार्गे गेलात तर खिडकीची जागा धरा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. दर्यापूरनंतर मात्र रस्ता कंबर ढिली करतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनी गाडी भाड्यानं घेण्याच्या भानगडीत पडू नये.

रात्री सुनंदाकडे राहिले आणि सकाळी आम्ही दोघी अकोटच्या गाडीत बसलो. सुनंदा पुटपुटत होती. सर्व्ह, सर्व्हर, सर्व्हिंग, सर्व्हिस. रिझर्व्ह, रिझर्व्ड, रिझर्व्हेशन.

"ताई, एका एका शब्दाले इतके लेकरं काहून हो?"

"मोठ्या घरचे शब्द आहेत," मी म्हटलं. ती हसली. विलास गेल्यापासून असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

अकोट स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही रंगीत तालीम केली. तिनं वेटरला ताठ बसून म्हटलं, "मे आय हॅव द मेन्यू, प्लीज?"

"काय मांगून राहिल्या बाई? कचोरी हाय, आलूबोंडा हाय. बोर्ड वाचा न."

"इंग्रजी शिकून राहिली मी."

"इंग्रजीत खाल्ली तं कचोरी तिखट लागत नाई काय?"

कचोरी जळजळीत होती. मी अर्धी ठेवली. वेटर प्लेट उचलायला आला तर सुनंदानं त्यावर हात आडवा धरला. "थांब रे भाऊ, खाऊन राहिल्या न त्या!"

मी तिला टोकलं. सुरीकाटा शेजारी शेजारी ठेवला की जेवण संपलं, मग कितीही उरलेलं असो, विचारायचं आणि प्लेट उचलायची. 'मे आय क्लिअर युवर प्लेट, सर?' हे वाक्य तर मीच तिला लिहून दिलं होतं. म्हणून दाखव म्हटलं. तिनं म्हणून दाखवलं, पण खिडकीबाहेर बघत. मी उच्चार तपासत होते.

अकोल्यातलं ते हॉटेल चकचकीत, थंडगार. मॅनेजर आणि एक बाई गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसले. मला कोपऱ्यात बसू दिलं. सुनंदानं पाणी दिलं, ऑर्डर घेतली, सूप आणलं, भाजीत काजू आहेत हे इंग्रजीत सांगितलं. कुठेही अडखळली नाही. मग मॅनेजरनं अर्ध्या पोळीवर हात थांबवला आणि सुरीकाटा शेजारी शेजारी ठेवला.

सुनंदानं ते पाहिलं. पाहिलं हे मला दिसलं. ती हलली नाही. मॅनेजर वाट बघत राहिला. मग तिनं वाटीतली भाजी त्याच्या प्लेटमध्ये वाढली.

"साहेब, जेवून घ्या आधी."

ती दुसरी बाई हसली. मॅनेजर म्हणाला, "ताई, ही लग्नाची पंगत नाही." आवाजात चीड नव्हती. जागा मात्र दुसरीला देतो म्हणाला.

सुनंदा हात धुवायला गेली तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. "इंग्रजी चांगलं आहे त्यांचं. एक जागा अजून आहे. पंधरवड्यानं परत आणा. पण प्लेट उचलावी लागेल."

बाळापूरचा किल्ला बघायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून गेलो. अकोल्याहून गाड्या भरपूर आहेत. दोन नद्यांच्या मध्ये उभे असलेले ते बुरूज खरोखर भक्कम आहेत, जरूर जा. मी त्यांचा एकही फोटो काढला नाही.

तटाच्या सावलीत सुनंदा म्हणाली, "वाक्य येत होतं मले ताई. हात गेला नाई. तुमाले मालूम हाय न."

मला मालूम होतं. विलासचं झाकलेलं ताट तिनं उचललं नव्हतं, कोणाला उचलूही दिलं नव्हतं. घरातली माणसं पांगल्यावर, ती झोपलेली असताना, मीच ते घासून फळीवर ठेवलं होतं. आणि मीच तिला ते वाक्य पाठ करायला लावलं.

"मुक्ताले तुमीच सांगा," ती म्हणाली. "माह्याच्यानं होत नाई." अकोल्याच्या स्टँडवर तिनं अकोटची गाडी पकडली. मॅनेजरचा निरोप माझ्याजवळच राहिला.

संध्याकाळी घरी पोचले. मुक्ता दारातच होती.

"आत्या, झालं का आईचं?"

"नाही म्हणाले ते."

तिनं न विचारता माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. भूक नव्हती, तरी मी शेवटचा घास संपवला.

बाळापुरात मी स्वतःला सांगत होते की सुनंदाला पुन्हा त्या टेबलाशी उभं करणं निर्दयपणाचं आहे. ते खरंही असेल. पण आत्ता पलीकडच्या खोलीत मुक्ता मोठ्यानं वाचतेय, आणि तो आवाज या घरात राहावा असं मला वाटतं, हेही खरं आहे. यातलं कुठलं आधी मनात आलं, ते मला सांगता येत नाही. निरोप मी दिला नाही, एवढं मात्र नक्की.

सुनंदाला फोन झाल्याशिवाय हे इथे टाकणार नाही.

उद्या: सुनंदाला मॅनेजरचा निरोप सांगणे.