धाकटीचा होकार

जन्मसमयी मेंदूला इजा झाली आणि धाकटीचे हात, पाय, मान, जीभ, सारे अवयव आयुष्यभरासाठी ताठरले. बुद्धी मात्र अक्षत राहिली. डोळे वर नेले की होय, मिटले की नाही, ही भाषा आईने तिच्यासाठी घडवली होती. आई निवर्तली, आणि ती भाषा वाचण्याची तसदी त्या घरात कोणी घेईना.

वहिनी तिची मान मागे कलवून घास कोंबी. मग ठसका लागे, देह धनुष्यासारखा ताणला जाई आणि भांडे कलंडे.

“बघा हिचा माज! अहो, ठेवा हिला संस्थेत. माझ्या हातांचे तुकडे पडले.”

“माझी बहीण कुठेही जाणार नाही,” दादा गरजे. “लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“मग लोकांनाच बोलवा भरवायला!”

हे रण रोज धाकटीच्या अंथरुणापाशीच पेटे. एके दुपारी दादा केवळ बायकोचे तोंड बंद करण्यासाठी बहिणीकडे वळला. “काय गं, हे घर सोडून संस्थेत जायचंय तुला?”

धाकटीने डोळे वर नेले.

“तिला प्रश्नच कळला नाही,” दादा म्हणाला.

“चांगला कळलाय,” वहिनी फणकारली. “सासूबाईंना ती असंच होय म्हणायची.”

दादाने पुन्हा विचारले, या वेळी आवाज चढवून. धाकटीची दृष्टी छताला भिडली, आणि दादा पाय आपटत खोलीबाहेर पडेपर्यंत तिने ती खाली आणली नाही.